थिबा राजवाडा : एका घराची हकीकत

(जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवळाच्या जीर्णोद्धाराचा समारंभ आणि व्याख्यानाचा विषय मात्र एक घर, याचे कोणास नवल वाटेल. परंतु कोकणात घर आणि देऊळ यांची सोयरीक जुनी आहे. जांभ्याचा चिरा तोच, चुना तोच, घडवणारा गवंडी आणि सुतारही बहुधा तोच. घर बांधताना जो हिशेब करावा लागतो तोच देवळाचा : पाया कोण घालणार, छप्पर कोण शाकारणार, आणि बांधणारे गेल्यावर वास्तू कोणी सांभाळावयाची? हा शेवटचा प्रश्न ज्या घराच्या बाबतीत फार विचित्र रीतीने सुटला, असे एक घर आपल्याच जिल्ह्यात आहे. रत्नागिरीस कोर्टकचेरीच्या कामाला गेलेल्या प्रत्येकाने ते निदान लांबून तरी पाहिलेले असते. तो थिबा राजवाडा.

राजवाडा म्हटला की डोळ्यांपुढे हत्ती, नगारे, चोपदार येतात. येथे त्यातले काही नव्हते. हा राजवाडा कोणा राजाने हौसेने बांधलेला नाही, तो इंग्रज सरकारने आपल्या एका कैद्याला राहण्यासाठी बांधून दिला. कैदी साधा नव्हता, ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा होता. आणि तो एकटा नव्हता. दोन राण्या, चार मुली आणि नोकरचाकर असा त्याचा प्रपंच होता. म्हणून वास्तूला नाव राजवाड्याचे मिळाले असले तरी ते खरे पाहता एका कुटुंबाचे घर होते, आणि तशाच नजरेने त्याकडे पाहावयास हवे.

हे कुटुंब रत्नागिरीस आले कसे, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. ब्रह्मदेशाचा राजा मिंडोन १८७८ साली वारला आणि त्याचा मुलगा थिबा गादीवर बसला. तेव्हा तो अवघा एकोणीस वर्षांचा होता. त्याची लहानपणची वर्षे मठात पाली ग्रंथांच्या अभ्यासात गेली होती. राज्यकारभाराचा सराव त्याला नव्हता, आणि राणी सुपयालत मोठ्या करारी स्वभावाची होती. १८७९ च्या आरंभी राजघराण्यातील कितीतरी भाऊबंदांची, बायकामुलांसकट, मंडालेच्या वाड्यात कत्तल झाली. ती कोणाच्या सांगण्यावरून झाली याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, पण राज्य थिबाचे होते आणि त्याचा डाग त्याच्या नावावर राहिला. रत्नागिरीकरांना त्याच्याविषयी जिव्हाळा वाटतो हे खरे, तरी ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

पुढे सागवानाने घात केला. ब्रह्मदेशाच्या जंगलात लाकडाचा मक्ता घेणाऱ्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या इंग्रज कंपनीने ओंडके कमी दाखवून राजाचे देणे बुडवले, असा आरोप ठेवून मंडालेच्या दरबाराने तिला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड केला. राजाची फ्रेंचांशी वाढती घसट इंग्रजांच्या डोळ्यांत आधीच सलत होती. दंडाचे निमित्त मिळाले आणि नोव्हेंबर १८८५ मध्ये जनरल प्रेंडरगास्टची फौज इरावती नदीतून आगबोटींनी वर आली. लढाई फार झालीच नाही. २९ नोव्हेंबर १८८५ रोजी राजा-राणीला वाड्याबाहेर काढून साध्या बैलगाड्यांतून नदीच्या धक्क्यापर्यंत नेण्यात आले. प्रजा दुतर्फा उभी राहून पाहत होती. राजाने घर सोडले ते असे, आणि पुन्हा ते त्याला दिसले नाही.

रंगूनहून मद्रास आणि मद्रासहून १८८६ च्या एप्रिलात रत्नागिरी, असा हा प्रवास झाला. तिसरी मुलगी वाटेत मद्रासला झाली, चौथी पुढल्या वर्षी रत्नागिरीतच जन्मली. म्हणजे चारपैकी एक राजकन्या जन्माने अस्सल रत्नागिरीकर होती! सरकारने रत्नागिरी का निवडली, हे कोकणच्या माणसाला वेगळे सांगावयास नको. त्या काळी आगगाडी नाही, पाठीशी सह्याद्री, पुढे समुद्र, आणि पावसाळ्याचे चार महिने बोटी बंद. माणूस तेथे ठेवला की ठेवलाच. कोकण रेल्वे सबंध सुरू व्हायला १९९८ साल उजाडावे लागले, यावरून शंभर वर्षांपूर्वीची कल्पना करावी. इंग्रजांना या हिशेबाचा सराव होता. दिल्लीचा अखेरचा बादशहा बहादूरशहा जफर याला त्यांनी रंगूनला नेऊन ठेवले होते, आणि तो १८६२ साली तेथेच वारला. इकडचा राजा तिकडे आणि तिकडचा राजा इकडे. आपल्या माणसांत राजा बंड उभारू शकतो, परमुलखात त्याची भाषासुद्धा कोणाला कळत नाही.

रत्नागिरीस आल्यावर राजाच्या कुटुंबाची सोय टेकडीवरच्या सरकारी बंगल्यांत झाली. ती तात्पुरती सोय होती म्हणे. ही तात्पुरती सोय चोवीस वर्षे चालली! येथे देणगीदार मंडळींनी मनाशी हसावे. देवळाची वर्गणी लांबते म्हणून आपण एकमेकांना दोष देतो, पण ज्याचे सबंध राज्य घेतले त्याला एक घर बांधून देण्यास सार्वभौम सरकारला दोन तपे लागली. राजाचा तनखा सरकारच्या मर्जीवर, बाहेर फिरावयास जायचे तरी अधिकाऱ्याची परवानगी, पत्र आले-गेले तरी त्याची नजर. बरोबर आणलेल्या दागिन्यांतील माणकेहिरे एकेक करून विकले गेले आणि कर्जही झाले. ‘ङा मौक’ नावाचे एक विख्यात माणिक ब्रह्मी राजघराण्यात होते. मंडाले सोडताना ते कर्नल स्लेडन या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती दिले आणि परत मिळाले नाही, अशी थिबाची तक्रार अखेरपर्यंत होती. त्याने अर्ज केले, पण माणिक काही मिळाले नाही.

अखेर नवे घर झाले आणि नोव्हेंबर १९१० मध्ये राजाने त्यात पाऊल टाकले. तेव्हा त्याचे वय एक्कावन्न होते.

आता घराकडे वळू. जागा सरकारने कशीही निवडली असो, ती अप्रतिम आहे यात वाद नाही. उंच कातळ, खाली भाट्याची खाडी, पलीकडे भाट्याचा किनारा आणि मग उघडा समुद्र. इमारत तीन मजली आहे. बांधकाम आपल्या ओळखीच्या तांबड्या जांभ्याचे. वर उतरती छपरे, जागोजाग सज्जे, आणि अर्धवर्तुळाकार कमानींच्या खिडक्यांवर नाजूक कोरीव लाकूडकाम. पहिल्या मजल्यावर संगमरवरी फरशीचे नृत्यदालन आहे. खिडक्यांतून रंगीत काचा बसविल्या आहेत. त्या परदेशी बनावटीच्या असून मावळतीचे ऊन त्यांवर पडले म्हणजे तांबडा, निळा, पिवळा उजेड आत फाकतो. एरवी इंग्रजी पद्धतीच्या सरकारी बांधकामात एक प्रकारचा कोरडेपणा असतो. तो येथे फारसा जाणवत नाही, याचे श्रेय त्या लाकडाला आणि काचांनाच द्यावे लागते.

लाकडाची गोष्ट मनात रेंगाळते. आपल्याकडील जुन्या घरांतून म्हातारी माणसे खांबावर हात थोपटून सांगत, ‘हा ब्रह्मी साग आहे, वाळवी लागायची नाही.’ ज्या सागापायी थिबाचे राज्य गेले, तोच साग मुंबई-कोकणातल्या श्रीमंतांच्या माड्यांना जात होता. मंडालेचा त्याचा वाडा तर सगळाच सागवानी, सोन्याच्या मुलाम्याचा. तो वाडा १९४५ साली महायुद्धाच्या धुमाळीत जळून खाक झाला. आज तेथे दिसते ती नंतर उभारलेली प्रतिकृती. वाड्यातील एकच मोठी जुनी इमारत मूळ स्वरूपात वाचली, आणि ती वाचण्याचे कारण ऐकण्याजोगे आहे. मिंडोन राजा ज्या महालात वारला तो महाल थिबाने आपल्या कारकीर्दीच्या आरंभी वाड्याच्या आवारातून सोडवून बाहेर नेला आणि मठाला अर्पण केला. श्वेनंदाव म्हणून तो मठ आजही मंडालेत उभा आहे. वाड्यात राहिले ते जळाले, धर्मकार्यासाठी बाहेर काढून दिले ते राहिले.

याच ठिकाणी आणखी एक योगायोग सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेले लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते. हा तुरुंग थिबाच्या जुन्या राजधानीच्या तटबंदीतच होता. म्हणजे मंडालेचा राजा रत्नागिरीत कैदी आणि रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेत कैदी. तिथी-महिनेही कसे जुळावेत पाहा. नोव्हेंबर १९१० मध्ये थिबा नव्या घरात राहावयास गेला, आणि त्याच नोव्हेंबरात लोकमान्यांनी लाकडी कोठडीत बसून, शिसपेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहावयास घेतले. सुमारे पाच महिन्यांत ग्रंथ हातावेगळा झाला. १९१२ साली लोकमान्यांच्या पत्नी सत्यभामाबाई इकडे निवर्तल्या, ते दुःख त्यांनी मंडालेत एकट्याने सोसले. त्याच १९१२ साली थिबाची धाकटी राणी सुपयागले रत्नागिरीत वारली. दोन्ही कैद्यांनी एकमेकांस कधी पाहिले नाही.

घर मोठे होते, पण घरात करमणार कोणाला? राण्यांची गोष्ट सोडा. त्यांनी निदान वैभव पाहिले होते. चार राजकन्यांनी काय पाहिले? थोरल्या दोघी लहानपणी आल्या, धाकट्या दोघींना तर आपला देश ठाऊकच नव्हता. नोकरांच्या मुलांबरोबर खेळता खेळता त्या इकडच्या बोली शिकल्या, मराठीही बोलत. वयात आल्या तरी लग्ने होईनात. त्यांच्या बरोबरीचा वर ब्रह्मी राजघराण्यातीलच हवा, आणि तो रत्नागिरीस आणणार कोण? ब्रह्मी लोकांत मुलगी साधारण बारा-तेरा वर्षांची झाली म्हणजे थाटामाटाने तिचे कान टोचतात. आपल्याकडील मुंजीसारखा तो मोठा सोहळा असतो. या चार बहिणींचे कान टोचण्याचा समारंभ नव्या राजवाड्यात १९१४ साली एकदमच झाला. तेव्हा थोरली चौतीस वर्षांची होती आणि धाकटी सत्तावीस वर्षांची. ज्या घरात लेकीबाळी आहेत त्यांना या आकड्यांवर आणखी भाष्य नको.

थोरल्या राजकन्येने मात्र आपला मार्ग त्याआधीच काढला होता. जुन्या बंगल्यांत असतानाच दरवाजावरील एका मराठी शिपायाशी तिचे मन जुळले. तो विवाहित होता. १९०६ साली तिला मुलगी झाली. राजघराण्याला आणि सरकारलाही ही गोष्ट कानकोंडे करणारी होती. ती दडपण्याचा प्रयत्न पुष्कळ झाला, पण लहान गावात अशी गोष्ट दडत नाही. थिबाने मुलीला घराबाहेर काढले नाही आणि नातीलाही नाही. ज्याच्या नावावर मंडालेची कत्तल आहे त्याच माणसाचे हे वागणे आहे. माणसाचा हिशेब एका ओळीत लागत नाही.

दुसऱ्या राजकन्येचे प्रकरण जास्त चिघळले. राजाच्या पदरी असलेल्या एका ब्रह्मी चिटणिसाशी तिला लग्न करावयाचे होते. राणीचा त्याला कडाडून विरोध. १९१६ च्या अखेरीस ती घर सोडून सरकारी अधिकाऱ्याच्या आश्रयास गेली आणि परत आली नाही. लेकीला आणायला धाडलेली मोटार रिकामी परतली, ती खिडकीतून पाहूनच राजा कोसळला, अशी हकीकत रत्नागिरीत सांगतात. डिसेंबर १९१६ मध्ये थिबा हृदयविकाराने वारला. नव्या घरात तो जेमतेम सहा वर्षे राहिला. राजकन्येचे लग्न पुढे १९१७ साली झाले आणि ते जोडपे हिमालयाच्या पायथ्याशी कालिंपाँगला जाऊन स्थायिक झाले.

राजाच्या मृत्यूनंतर या घरात जे घडले ते सर्वांत करुण आहे. राणी सुपयालतने मृतदेह रत्नागिरीच्या मातीत ठेवावयास साफ नकार दिला. राजाचे अंत्यसंस्कार राजाच्या देशात, रीतीप्रमाणे झाले पाहिजेत, हा तिचा हट्ट. सरकारला भीती, की शव ब्रह्मदेशात गेले तर लोक त्याभोवती गोळा होतील. त्यामुळे शवपेटी राजवाड्याच्या आवारात तशीच राहिली, एक नाही, दोन वर्षांवर. राणीच्या करारीपणाला लोकांनी पुष्कळ नावे ठेवली आहेत. पण या एका प्रसंगी तिची बाजू न्यायाची होती असे म्हणावे लागते. शेवटी मार्च १९१९ मध्ये सरकारने तिच्या मनाविरुद्ध राजाची व धाकट्या राणीची शवपेटी रत्नागिरीतच समाधी बांधून तीत ठेवली. लगेच पुढच्या महिन्यात कुटुंबाला रंगूनला परत जाऊ दिले. राणी १९२५ साली तेथे वारली. तिची समाधी श्वेडगॉन पॅगोडाजवळ आहे. नवऱ्याची समाधी रत्नागिरीत, बायकोची रंगूनात, मधे सबंध बंगालचा उपसागर. तिसरी राजकन्या ब्रह्मदेशात राहून १९६२ साली वारली. चौथीने राजघराण्याच्या हक्कांसाठी सरकारशी उघड भांडण मांडले, तेव्हा सरकारने तिला मौलमीनला धाडले. तेथे १९३६ साली तिचा अंत झाला.

थोरली मात्र लेकीला घेऊन काही काळातच रत्नागिरीस परत आली. जिला आयुष्यभर बंदीत ठेवले ती सुटका झाल्यावर त्याच गावी परतली. राजवाड्यात नव्हे, राजवाडा आता सरकारचा होता. गावात साध्या घरात, तुटपुंज्या पैशावर तिने उरलेले दिवस काढले आणि १९४७ च्या जूनमध्ये, देश स्वतंत्र होण्यास दोन महिने राहिले असताना, ती वारली. तिची मुलगी रत्नागिरीतच वाढली, येथेच संसाराला लागली. ब्रह्मी भाषा ती विसरली, बोलणे-चालणे सगळे मराठमोळे झाले. गरिबी पाचवीला पुजलेली, तरी दाराशी आलेल्याला तिने विन्मुख पाठवले नाही, असा तिचा लौकिक होता. तिचे नाव येथे घेण्याचे कारण नाही, रत्नागिरीच्या जुन्या लोकांना ते ठाऊक आहे. चौऱ्याण्णव वर्षांचे दीर्घ आयुष्य भोगून २००० साली ती गेली. राजाची नात होती, आणि राजवाडा तिला दिसत होता तो आपल्यासारखाच, बाहेरून.

घराचे पुढे काय झाले? ज्या घराला मालक उरत नाही त्याचे जे होते तेच होण्याची भीती होती. जांभा टिकाऊ असला तरी कोकणचा पाऊस कोणाची गय करीत नाही. एक कौल सरकले की पाणी तुळईत, तुळईतून भिंतीत. आपल्या देवळाचे छप्पर उतरवताना वासे कसे निघाले ते ग्रामस्थांनी पाहिलेच आहे. सुदैवाने ही वास्तू अगदी ओस पडली नाही. सरकारी कामाकरिता तिचा वापर होत राहिला. स्वातंत्र्यानंतर काही वर्षे तेथे शासकीय तंत्रनिकेतन भरत असे. ज्या दालनांत राजकन्या वाट पाहत बसल्या तेथे कोकणातली शेतकऱ्यांची मुले ड्रॉइंग बोर्ड मांडून बसली. राजवाड्याच्या दृष्टीने हे काही वाईट झाले असे वाटत नाही. माणसांचा वावर असला की दारे-खिडक्या उघडतात, गळती ध्यानात येते. पुढे ही वास्तू राज्य शासनाच्या पुरातत्त्व खात्याकडे आली आणि तेथे वस्तुसंग्रहालय झाले. डागडुजी मधूनमधून झाली, अजून पुष्कळ व्हावयास हवी.

समाधीची उपेक्षा फार वर्षे झाली. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीस आले, त्यांनी राजवाडा पाहिला आणि समाधीपुढे नमन केले. राजाच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा, डिसेंबर २०१६ मध्ये, त्याचे वंशज ब्रह्मदेशातून येथे आले आणि त्यांनी बौद्ध रीतीने विधी केले. राजाला मायदेशी न्यावे की जेथे आहे तेथेच असू द्यावे, यावर तिकडे मतभेद आहेत. रत्नागिरीकरांना विचाराल तर ते म्हणतील, राजा आमचाच आहे, राहू द्या.

मंडळींपैकी ज्यांनी राजवाडा आतून पाहिला नसेल त्यांनी सवड काढून जरूर जावे, आणि शक्यतो तिसऱ्या प्रहरी जावे. पुढचा भाग आणि नृत्यदालन पाहून पुष्कळ लोक परत फिरतात. तसे करू नये. इमारतीच्या मागील बाजूस राजाने आणलेली बुद्धाची मूर्ती आहे. राज्य गेले, माणिक गेले, पण देव राजाने बरोबर आणला होता. तिचे दर्शन घेऊन मग माडीवर यावे. तोवर ऊन कलते, रंगीत काचांतून उजेड फरशीवर उतरतो, आणि खिडकीतून भाट्याच्या खाडीत शिरणारे मचवे दिसतात.